हिशेबाची रुजुवात

आयकराचीं विवरणपत्रें भरण्याचे दिवस होते आणि नाशकांतील एका सनदी लेखापालाच्या कचेरींत मी माझी पाळी येण्याची वाट पाहत बसलों होतों. खोली फार मोठी नव्हती. चार मेजें, प्रत्येक मेजावर संगणकाचे दोन पडदे, आणि खिडकीजवळच्या मेजावर तर तीन. माझ्या शेजारीं निफाडकडचे एक वृद्ध बागाईतदार बसले होते. त्यांनीं बराच वेळ तो थाट न्याहाळला आणि अखेर न राहवून जवळच्या तरुण लेखनिकास विचारिलें, "काय हो भाऊ, माणूस एक आणि टीव्ही दोन कशाला?" तरुणानें मान वर न करतांच उत्तर दिलें, "बाबा, एकावर बँक आहे, दुसऱ्यावर वही. दोन्ही एकदम दिसल्याशिवाय मेळ कसा घालायचा?" त्याचा मेळ त्या वेळीं लागत नव्हता, हें त्याच्या कपाळावरून स्पष्ट दिसत होतें. कोणा एका गिऱ्हाइकाच्या हिशेबांत २७० रुपयांचा फरक येत होता आणि सकाळपासून तो त्याच्याच पाठीमागें लागला होता.

बागाईतदारांचा प्रश्न ऐकून कचेरींतील मंडळी हंसली. पण मला तो हंसण्यासारखा वाटला नाहीं. एका माणसानें दोन लेख एकदम डोळ्यांपुढें ठेवण्याची गरज संगणकानें निर्माण केलेली नाहीं. नाशिकपुरतें बोलावयाचें तरी तिचा मागोवा सुमारें एकोणीस शतकें मागें नेतां येतो, आणि त्याचा पुरावा शहराबाहेर मुंबईच्या रस्त्यालगत डोंगरांत कोरलेला आहे.

मराठींत या कामाला जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे रुजुवात. दोन कागद समोरासमोर आणून एकाचें म्हणणें दुसऱ्याशीं जुळतें कीं नाहीं हें पाहणें, ही रुजुवात. हिशेब एका वहींत कधींच पुरा होत नाहीं. रोजकीर्द दिवसांच्या क्रमानें चालते, खतावणी माणसांच्या आणि खात्यांच्या नांवांनीं. तीच रक्कम एकींतून उचलून दुसरींत टाकावयाची असते. ती वाटेंत सांडली किंवा बदलली तर प्रत्येक वही स्वतःपुरती स्वच्छ आणि नीटनेटकीच दिसते. चूक पकडावयाची तर दोन्ही उघड्या पाहिजेत.

आतां त्या डोंगराकडे वळूं. पांडवलेण्यांतील दहावें लेणें नहपानाचें लेणें म्हणून प्रसिद्ध आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई आणि दिनीकाचा पुत्र उषवदात यानें तें भिक्षुसंघास अर्पण केलें. त्याच्या व्हरांड्यांत उषवदाताचे जे लेख आहेत, त्यांतील एकावर वर्ष ४२, मास वैशाख असा काळ घातलेला आहे. हें वर्ष कोणत्या गणनेचें यावर विद्वानांत मतभेद आहेत. तथापि लेख इसवी सनाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शतकांतला, एवढें धरून चालण्यास हरकत नाहीं. फ्रेंच पंडित सेनार यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडांत तो संपादून प्रसिद्ध केला. धर्मदानाचा लेख म्हणून त्याचा उल्लेख नेहमीं होतो. मला मात्र तो वाचतांना एखाद्या चोख हिशेबनिसाची आठवण होते.

उषवदातानें ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली, म्हणजे मुद्दल कायम राखून व्याजावर चालणारी ठेव. ती त्यानें गोवर्धन येथील कोलिकांच्या, अर्थात् विणकरांच्या, दोन श्रेणींकडे गुंतविली : एकीकडे २,००० शेंकडा एक दरानें, दुसरीकडे १,००० शेंकडा पाऊण दरानें. हे दर दरमहाचे धरतात. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे, असें लेख सांगतो. येथें वाचकांनीं क्षणभर पाटी घ्यावी. दोन हजारांवर शेंकडा एक म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०. वीस भिक्षूंस बारा-बारा म्हणजेही २४०. एक कवडीसुद्धां इकडची तिकडे नाहीं! दुसऱ्या ठेवीचें वर्षाचें व्याज ९० होतें व तें 'कुशण' नांवाच्या खर्चास लावून दिलें आहे. त्या शब्दाच्या अर्थाचा वाद आपण पंडितांवर सोडूं. त्याच लेखांत पुढें देव आणि ब्राह्मण यांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांची नोंद आहे, आणि ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण या भावानें ते २,००० सुवर्ण होतात असेंही नमूद केलें आहे. भागाकार करून पाहावा. तोही बरोबर उतरतो.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हें सर्व निगमसभेंत 'श्रावित' करण्यांत आलें, आणि रिवाजाप्रमाणें फलकांवर 'निबद्ध' करण्यांत आलें, असें लेखांत म्हटलें आहे. फलक ज्या ठिकाणीं ठेवीत त्यास 'फलकवार' असा शब्द आहे. त्याचा अर्थ दप्तरखाना असा लावितात. आपण ज्याला फळा म्हणतों आणि ज्याला फळी म्हणतों त्या दोहोंचें मूळ हाच फलक. तेव्हां गोवर्धनच्या निगमसभेंत ठेवींची नोंद फळ्यांवर होती, आणि ती लिहिण्याबरोबर चार लोकांस वाचून ऐकविलेलीही होती. डोंगरांतला लेख ही तिसरी प्रत. त्या फळ्यांपैकीं एकही आज आपल्यापर्यंत पोंचलेली नाहीं. गोवर्धन हें गांव मात्र नाशिकच्या पश्चिमेस गोदाकांठीं अजून नांदतें आहे, आणि तिसरी प्रत उरली म्हणून आपणांस पहिल्या दोहोंची वार्ता कळते.

ऐकविणें आणि लिहिणें ही जोडी पुढें आमच्याकडील दप्तरांत फार दिवस टिकली. मधल्या शतकांवरून मला उडी मारावी लागत आहे, कारण फळीच्या जागीं कागद येऊन मोडी लिपीचा अंमल बसेपर्यंतच्या काळांतील रोजच्या हिशेबांबद्दल सांगण्यासारखें माझ्यापाशीं थोडें आहे. पेशवाईंतील कारभाराबद्दल मात्र पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. १८१८ मध्यें राज्य गेल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला त्यांत परगण्यांतील दरकदारांचें वर्णन येतें. फडणीस रोजकीर्द ठेवी. दफ्तरदार त्या रोजकीर्दीवरून खतावणी करून तिचा महिन्याचा गोषवारा पाठवी. पोतनिसाकडे वसुलाचा आणि रोख शिलकेचा हिशेब असे. मुजुमदाराच्या संमतीची खूण असल्याखेरीज कागद पुढें सरकत नसे. नाणें पारखणारे पोतदार तर एका कचेरींत नेहमीं दोन असत. विशेष हें कीं, या दरकदारांची नेमणूक हुजुरांतून होई आणि त्यांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. फडणीस हा शब्द 'फर्दनवीस' यावरून आला असें सांगतात. फर्द म्हणजे सुटा कागद, तक्ता. एक जण तक्ता लिही, दुसरा त्यावरून वही बांधी, तिसरा थैलींतील रोकड मोजी, आणि तिघांचें म्हणणें एक निघालें म्हणजे हिशेब रुजू झाला असें म्हणत. पुण्याच्या हुजूर दप्तरांत याच रचनेचा विस्तार होता. चालतें दप्तर रोजचें काम करी आणि एकबेरीज दप्तरांत सगळ्या मुलखाचे हिशेब एकत्र येऊन त्यांचीं खतावण्या-तर्जुमे होत. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्या दप्तरांतून निवडून ४५ खंड प्रसिद्ध केले, त्यांवरून मूळ राशीची कल्पना यावी.

अशी व्यवस्था कोणाच्या भाबडेपणावर उभारलेली नव्हती. ती उघड संशयावर उभारलेली होती, आणि मला तिचा हाच गुण वाटतो. एकट्या माणसाच्या हातीं दोन्ही कागद द्यावयाचे नाहींत, हें तिचें सूत्र.

युरोपांत हेंच सूत्र दुसऱ्या वाटेनें आलें. लुका पाचोली या ख्रिस्ती साधूनें १४९४ मध्यें व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणितग्रंथांत व्यापाऱ्यांच्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीवर एक प्रकरण घातलें. खतावणीचा ताळा कसा पाहावा हें सांगतांना तो म्हणतो कीं, हें काम एकट्याच्यानें नीट होणें कठीण आहे, म्हणून एक मदतनीस घ्यावा. रोजकीर्द त्याच्या हातीं द्यावी, खतावणी आपण घ्यावी. त्यानें नोंदीमागून नोंद पुकारावी आणि आपण ती शोधून तिच्यावर खूण करीत जावें. पाचोलीस नाशिक ठाऊक नव्हतें आणि आमच्या दिवाणजींस पाचोली ठाऊक नव्हता. परंतु त्यानें लिहिलेला हा देखावा मीं लहानपणीं प्रत्यक्ष पाहिला आहे.

माझे मामा नाशकांत एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. १९७० च्या सुमारास सुटींत मी त्यांच्याकडे जाई, तेव्हां दिवेलागणीनंतर मला पेढीवर बसण्याची मुभा असे. गादीवर मामा मांडी घालून बसत. पुढ्यांत लाल कापडी बांधणीची लांब वही, तिच्या पानांना रेघांऐवजीं घड्या घालून कोठे पाडलेले, डाव्या अंगास जमा, उजव्या अंगास नावें. समोर दुसरे एक गुमास्ते खतावणी उघडून बसत. मग ठरलेल्या सुरांत वाचन सुरू होई. "आडत खातें, नावें चारशें बावीस." "आली." "हमाली खातें, नावें साडेछत्तीस." "आली." प्रत्येक 'आली'बरोबर लाल शाईची एक टिकली उमटे. मला तें कंटाळवाणें वाटे. एकदां मीं मामांना विचारिलें कीं, दोन्ही वह्या शेजारीं ठेवून तुम्ही एकटेच कां पाहत नाहीं? ते म्हणाले, "डोळा लबाड असतो रे. त्याला जे पाहिजे तेच तो वाचतो. कानाला तेवढी अक्कल नसते, म्हणून तो खरं सांगतो."

मराठी संख्यांच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. ५,६३४ आणि ५,३६४ हे आंकडे रात्रीं नऊ वाजतां थकलेल्या डोळ्यास सारखेच दिसतात. पण 'सहाशें चौतीस' आणि 'तीनशें चौसष्ट' यांत कान फसत नाहीं. शंभरापर्यंतच्या प्रत्येक संख्येस आपल्याकडे स्वतंत्र नांव आहे. शाळेंत मुलांस त्याचा त्रास होतो खरा; पेढीवर मात्र त्याचा पहारेकऱ्यासारखा उपयोग होई.

यानंतर संगणक आला. रिझर्व्ह बँकेनें डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ मध्यें आला, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या समितीचा १९८९ मध्यें. आणि कर्मचारी-संघटनांच्या विरोधांतून वाट काढीत बँकांच्या शाखांत खतावणी भरणारीं यंत्रें बसूं लागलीं. त्या यंत्रांच्या वेगाची आणि अचूक बेरजेची स्तुति झाली, ती योग्यच झाली. पण त्यांनीं एक वस्तु हिरावून घेतली, तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. त्या काळच्या पडद्यावर ८० अक्षरांची एक ओळ अशा २५ ओळी मावत. मामांच्या वहीचें एक उघडें पान याहून कितीतरी अधिक दाखवी. आणि पडदा एकच. रोजकीर्द पाहावयाची तर खतावणी मिटली पाहिजे. ज्या कामाचा प्राणच दोन पानें एकदम पाहण्यांत, त्याला एक अरुंद खिडकी मिळाली! मग हिशेबनिसांनीं काय केलें? त्यांनीं कागद छापून घेतला. कडेला भोंकें असलेले ते लांबच लांब हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कागद पडद्याशेजारीं पसरून, त्यांवर पट्टी धरून ते एकेक ओळ खालीं सरकत. पुष्कळ वर्षें दुसऱ्या पडद्याचें काम कागदानें केलें. संगणक आल्यानें कचेरींतील कागद कमी होईल असें भाकीत करणाऱ्यांस हें सुचलें नव्हतें.

परदेशांत पैशाचा व्यापार करणारांस ही अडचण अगोदर जाणवली. रॉयटर या वृत्तसंस्थेनें १९७३ मध्यें परकी चलनांचे भाव पडद्यावर दाखविण्याची सोय सुरू केली, आणि तिचें नांवच 'मॉनिटर' ठेविलें. पुढें जितके भाव पुरविणारे तितके पडदे दलालाच्या मेजावर चढले. आय. बी. एम. कंपनीच्या १९८१ च्या घरगुती संगणकास एकरंगी व बहुरंगी असे दोन पडदे एकदम जोडतां येत. १९८३ मध्यें निघालेल्या 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या प्रणालींत एकावर आंकडे आणि दुसऱ्यावर त्यांचा आलेख असा उपयोग होई. १९८७ च्या 'मॅकिंटॉश २' मध्यें अनेक पडदे मिळून एकच मेज समजण्याची युक्ति आली, आणि 'विंडोज ९८' नें ती सामान्य कचेऱ्यांच्या आवाक्यांत आणली. तरीही ती लगेच पसरली नाहीं, आणि याचें कारण अगदीं सुतारकामाचें आहे : जुना कांचेच्या नळीचा पडदा हातभर खोल आणि जड असे, तसे दोन ठेवावयाचे तर मेज भिंतींतून पलीकडे न्यावें लागलें असतें. चपटे पडदे स्वस्त झाले तेव्हां दुसरा पडदा दलालाच्या मेजावरून उतरून लेखनिकाच्या मेजावर आला.

आमच्या शेअरबाजारांत तर आवाजच बंद झाला. राष्ट्रीय शेअरबाजारानें १९९४ मध्यें व्यवहार पडद्यावरून सुरू केले. दुसऱ्या वर्षीं मुंबई शेअरबाजारानेंही 'बोल्ट' ही आपली पद्धति आणली, आणि रिंगणांत उभें राहून हातवारे व आरोळ्या करून होणारे सौदे इतिहासजमा झाले. दलाली दूरच्या गांवांत बसून करतां येऊं लागली, भाव सर्वांस एकदम दिसूं लागला. हा लाभ लहान नव्हे. तो गोंगाट परत यावा अशी माझी इच्छाही नाहीं.

नाशकांतील त्या कचेरीकडे परत येतों. तेथील दोन पडद्यांवर हल्लीं काय असतें, हें मीं त्या तरुणाकडून समजून घेतलें. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेण्यासाठीं, विक्रेत्यानें तें बीजक आपल्या पत्रकांत दाखविलें असलें पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानें ही अट पक्की केली. त्यासाठीं सरकारच्या संकेतस्थळावर दरमहा 'दोन-बी' नांवाचें एक विवरण तयार होतें. तें डाव्या पडद्यावर. उजव्या पडद्यावर गिऱ्हाइकाची खरेदीवही. जिथें विक्रेता चुकला किंवा विसरला, तिथें खरेदीदाराच्या खिशांतून पैसा जातो. म्हणून ही रुजुवात दरमहा. शेजारच्या बागाईतदारांना हें पटकन् उमजलें. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या लासलगावसारखंच. सौदापट्टी वेगळी, काटापट्टी वेगळी, हिशेबपट्टी वेगळी. तिन्ही हातात धरल्याशिवाय मी पैसे मोजून घेत नाही." जुळणाऱ्या नोंदी संगणक आपण होऊन बाजूस काढतो, उरतात त्या न जुळणाऱ्या. कोठें बीजकाच्या क्रमांकांत एक तिरकी रेघ जास्त, कोठें व्यापाऱ्याचें नांव दोन प्रकारें लिहिलेलें, कोठें तारीख पुढच्या महिन्यांत गेलेली. सगळा गाळ माणसाच्या वांट्यास येतो, आणि दिवसभर त्याची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत राहते. आठ वाजतां ती धरते, असेंही तो म्हणाला.

दोन पडद्यांनीं हिशेबनिसास त्याचीं दोन पानें परत दिलीं, हें मी मान्य करितों. समोरचा गुमास्ता मात्र परत आला नाहीं. तीन पडद्यांची किंमत एका माणसाच्या कांहीं महिन्यांच्या पगाराहून कमी, हें गणित मालकास कोणी शिकवावें लागत नाहीं. पूर्वीं चूक राहिली तर ती वाचणाऱ्याची कीं ऐकणाऱ्याची यावर थोडी तरी वाटणी होई. हल्लीं दोन्ही पानांपुढें एकच माणूस बसतो आणि चूक निघाली तर सगळी त्याचीच ठरते. पेशव्यांच्या दप्तरांत जें कधीं घडूं दिलें नसतें, तें आम्हीं सोय म्हणून पत्करलें आहे. मामांची पद्धत महाग होती, मंद होती, आणि तिनें त्यांच्या हजारों संध्याकाळीं खाल्ल्या, हें मी विसरलों नाहीं. मामी तर तें कधींच विसरल्या नव्हत्या.

त्या तरुणाचे २७० रुपये अजून सांपडत नव्हते. फरकास नऊनें पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, हा मामांचा आडाखा मला आठवला. नऊ त्रिक सत्तावीस. बोलावें कीं नाहीं, असा विचार करीत असतांच त्यानें खिडकीजवळच्या तीन पडद्यांच्या मेजाकडे वळून तेथील बाईंना हांक मारली, "ताई, पाच मिनिटं येता का? नुसतं वाचून दाखवा." त्या खुर्ची ओढून त्याच्या डाव्या हातास बसल्या आणि बँकेच्या पडद्यावरून एकेक रक्कम वाचूं लागल्या. तो उजव्या पडद्यावर बोट फिरवीत 'हो', 'हो' म्हणत होता. बागाईतदार कान देऊन ऐकत होते. सतराव्या कीं अठराव्या नोंदीला ताईंनीं "पाच हजार सहाशे चौतीस" म्हटलें आणि त्याचें बोट थांबलें.

त्यानें रक्कम दुरुस्त केली, ताई आपल्या जागेवर गेल्या, आणि मग त्यानें माझी फाईल पुढें ओढली.